शनीच्या घरचे उद्योग

शनीसारख्या कडक ग्रहाच्या घरात असले प्रकार चालत असतील, असं वाटलं होतं का कुणाला? ज्याचं नाव काढलं की भलेभले शनिवारी तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ घेऊन रांगेत उभे राहतात, ज्याच्या साडेसातीच्या धास्तीनं माणसं नवं घर घ्यायचं पुढं ढकलतात, त्याच्याच दारात बारकेसारके चंद्र धुमाकूळ घालतायत. एक जण खाऊन खाऊन कमरेत सुटलाय. एक जण जाता-येता कड्यातला माल ओढून नेतो. दोघांनी तर जागांची अदलाबदल करायची रीतच पाडली आहे, दर चार वर्षांनी, न चुकता. आणि एका बाईंचं प्रकरण असं आहे की ते जरा हळू आवाजातच सांगायला हवं.

हे सगळं गुपचूप चाललं असतं तर एक वेळ काणाडोळा केला असता. पण ७ मार्च २०१७ ला कॅसिनी यान पॅन नावाच्या चंद्रापासून साडेचोवीस हजार किलोमीटरवरून गेलं आणि जाता जाता त्याचे फोटो काढून मोकळं झालं. झालं! जगभर एकच खूळ. कुणी त्याला रॅव्हिओली म्हणालं, कुणी एम्पनाडा, कुणी पिएरोगी. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात जे सारण भरून कडा दाबून बंद करतात, त्याचं नाव त्यानं पॅनला देऊन टाकलं. आपण करंजी म्हणायला मोकळे, फक्त ही करंजी गोल आहे आणि तिची मुरड पोटाभोवती पुरी फिरलेली आहे. कॅसिनीच्या छायाचित्रण पथकाच्या प्रमुख कॅरोलिन पोर्को यांनाही पहिल्यांदा ते चित्र कुणा कलाकारानं कल्पनेनं काढलेलं वाटलं होतं. ज्यांनी आयुष्य शनीवर काढलं त्यांची ही गत, तर तुमच्याआमच्यासारख्यांनी तोंडात बोटं घातली यात नवल ते काय?

लोक रूपावर भाळले, पण खरी मजा पुढे आहे. हे रूप आलं कुठून?

पॅनची मापं घ्या: लांबी ३४ किलोमीटर, रुंदी ३१ आणि उंची जेमतेम २१. म्हणजे अंगानं आडवा. हा राहतो कुठे, तर शनीच्या ‘ए’ कड्यात, एन्के फट म्हणतात त्या ३२५ किलोमीटर रुंद मोकळ्या पट्ट्यात. दोन्ही बाजूंना बर्फाचे तुकडे, धुळीच्या कणापासून घराएवढ्या ढेकळापर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या गरगरतायत. आणि हे कडं लाखो किलोमीटर पसरलेलं असलं तरी जाडीला बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटरच. इतक्या पातळ थरातून जे काही पॅनच्या अंगावर येऊन पडणार, ते डोक्यावर किंवा पायाशी कसं पडेल? पडणार ते बरोबर कमरेवर. पडत गेलं, साचत गेलं, आणि विषुववृत्तावर हा असा घेर तयार झाला. कड्याच्या पलीकडे राहणाऱ्या ॲटलसचंही तेच. त्याची लांबी ४१ किलोमीटर आणि उंची १९. लांबून पाहिलं तर उडती तबकडी. सेबास्टियन शार्नोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे गणित मांडलं आणि दोघांचंही खाणं उघड्यावर आणलं. तेही असं की अंगात दम नाही तो नाहीच. पॅनची घनता पाण्याच्या निम्म्याहून कमी. आतून सगळा पोकळ, भुसभुशीत बर्फ. वरून मात्र थाट बघा!

आता, प्रत्येक प्रकरणात दुसरी बाजू मांडणारं कुणी ना कुणी असतंच. बर्न विद्यापीठातल्या आड्रियां लेलू, मार्टिन युट्झी आणि मार्टिन रुबिन यांनी २०१८ मध्ये वेगळीच बातमी आणली. म्हणे हे खाण्यानं झालेलं नाहीच. दोन सारख्या आकाराचे छोटे चंद्र समोरासमोर येऊन धडकले, तेही बेतानं, सेकंदाला काही दशक मीटरच्या वेगानं, आणि एकमेकांत दबून एक झाले. कमरेवरची ती कडा म्हणजे दोघांचा सांधा. म्हणजे एका पक्षाचं म्हणणं अधाशीपणा, दुसऱ्या पक्षाचं म्हणणं घाईघाईत उरकलेलं लग्न. कुठलंही खरं धरलं तरी घरंदाज वळण म्हणता येईल असं काही यात दिसत नाही.

पॅन सापडला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. त्याला आधी कुणी पाहिलंच नव्हतं. एन्के फटीचे काठ सरळ नाहीत, त्यांवर लाटा आहेत, हे व्हॉयेजर यानांच्या फोटोंत दिसलं होतं. त्यावरून जेफ्री कझी आणि जेफ स्कार्गल यांनी १९८५ मध्येच सांगून टाकलं, आत कुणीतरी राहतंय. मग मार्क शोवॉल्टर यांनी त्या लाटांवरून तो कुठे असायला हवा याचा हिशेब केला आणि व्हॉयेजर-२ नं १९८१ मध्ये काढलेले जुने फोटो उपसायला घेतले. १९९० मध्ये बेटा सापडला! नऊ वर्षं फोटोत बसून होता आणि कुणाच्या लक्षात आला नव्हता. आपल्याकडे कुणाच्या लग्नाचा जुना अल्बम अशा नजरेनं बघितला तर काय काय सापडेल, या विचारानंच अंगावर काटा येतो.

त्या फटीच्या नावातही राजकारण आहे बरं का. बर्लिनच्या योहान एन्के यांनी १८३७ मध्ये ‘ए’ कड्यावर एक अंधूक छटा पाहिली होती. फट म्हणून ती नीट दिसली ती अमेरिकेतल्या जेम्स कीलर यांना, १८८८ मध्ये, लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून. नाव कुणाचं लागलं? एन्केंचं. कीलर यांची समजूत घालायला मग पुढे कड्याच्या बाहेरच्या काठाजवळची दुसरी, ४२ किलोमीटरची चिंचोळी फट त्यांच्या नावे केली. मोठं दालन एकाला आणि बोळ दुसऱ्याला! वाटण्यांचं गाऱ्हाणं फक्त आपल्या सातबाऱ्यावरच असतं असं नाही.

पण त्या बोळात कोण राहतं ते बघा. डॅफ्निस. जेमतेम आठ किलोमीटरचा. कॅसिनी २००४ मध्ये पोहोचलं तेव्हा कीलर फटीच्या काठांना टोकं आलेली दिसली, म्हणजे पुन्हा तोच संशय, आणि मे २००५ मध्ये स्वारी पकडली गेली. एवढासा जीव, पण जिथून जातो तिथे दोन्ही बाजूंच्या काठांवर लाटा उठवत जातो. आतल्या काठावरची लाट त्याच्या पुढे धावते, बाहेरच्या काठावरची मागे रेंगाळते. शिवाय त्याची कक्षा किंचित तिरकी असल्यामुळे लाटा नुसत्या आडव्या नाहीत, उभ्याही. ऑगस्ट २००९ च्या सुमाराला शनीवर विषुवदिन आला, ऊन कड्यावर अगदी तिरपं पडलं, आणि त्या लाटांच्या लांबच लांब सावल्या कड्यावर पडल्या. सावल्या मोजल्या तर लाटा अर्धा ते दीड किलोमीटर उंच! दहा मीटर जाडीच्या कड्यात दीड किलोमीटरची लाट. जानेवारी २०१७ च्या फोटोत तर त्याच्या मागे कड्यातल्या मालाची एक बारीक तार लोंबताना दिसते. रंगेहाथ म्हणतात ते हेच.

आणि अशांना शास्त्रज्ञ म्हणतात काय, तर मेंढपाळ चंद्र! कळप राखतात म्हणून. कळप कसा राखतात ते नीट समजून घ्या, कारण सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. शनीच्या जवळ असतो तो भराभर फिरतो, लांबचा सावकाश. तेव्हा चंद्राच्या आतल्या बाजूचे कण त्याला मागे टाकून पुढे निघतात. ते पुढे गेले की चंद्राची ओढ त्यांना मागे खेचते. त्यांची ताकद कमी होते, आणि ताकद कमी झालेला कण शनीच्या दिशेनं आत सरकतो. बाहेरच्या बाजूच्या कणांना चंद्र मागे टाकतो. त्यांना तो पुढे खेचतो, त्यांना जोर मिळतो आणि ते आणखी बाहेर जातात. म्हणजे चंद्र ओढतो दोघांनाही आपल्याकडे, पण दोघंही जातात त्याच्यापासून लांब. कण एकमेकांवर आपटून लाटा विझतात, सरकलेलं तसंच राहतं, आणि मध्ये स्वच्छ मोकळी फट. ज्याला जवळ घ्यायला गेलं तो दूर गेला, अशी तक्रार घेऊन रडणारी माणसं पाहिली होती. त्याच तक्रारीवर घर झाडून-पुसून लख्ख ठेवणारा पॅनच पहिला.

ही सगळ्यांना जमणारी गोष्ट नाही. ‘ए’ कड्यात काही शेकडो मीटरची पोरंटोरं आहेत, त्यांनीही हाच खटाटोप चालवलाय. दोन्हीकडे थोडी जागा होते, पण पूर्ण वर्तुळ मोकळं करायला जोर पुरत नाही. कडं पुन्हा भरून येतं. मागेपुढे नुसत्या पंख्याच्या पात्यांसारख्या दोन खुणा उमटतात. म्हणून त्यांना प्रोपेलर म्हणतात आणि मोठ्या प्रोपेलरना वैमानिकांची नावं दिली आहेत: ब्लेरियो, एअरहार्ट, सांतोस-द्युमाँ. चंद्र स्वतः दिसत नाही, पसारा तेवढा दिसतो. अशी मुलं कुणाच्या घरी नसतात!

आता त्या बाईंकडे वळू या. पॅन्डोरा.

ग्रीक कथेत पॅन्डोरा ही एपिमिथियसची बायको. त्याचा भाऊ प्रॉमिथियस त्याला बजावत होता, झ्यूसनं पाठवलेली कुठलीही भेट घेऊ नकोस. ऐकतोय कोण! त्यानं तिच्याशी लग्न केलं आणि पुढे तिनं संकटांच्या रांजणाचं झाकण उघडलं, ते सगळ्या जगाला भोवलं. हे झालं पुराण. शनीच्या घरी काय दिसतं? ‘एफ’ नावाचं एक बारीक कडं आहे, त्याच्या आतल्या बाजूला प्रॉमिथियस आणि बाहेरच्या बाजूला पॅन्डोरा. दिराच्या शेजारी, मध्ये जेमतेम अडीच हजार किलोमीटरचा आडोसा. आणि नवरा? नवरा तिथून जवळपास दहा हजार किलोमीटर लांब, जेनस नावाच्या भलत्याच रोमन देवाबरोबर एका कक्षेत राहतो. नावं देणाऱ्या मंडळींना पुराणं माहीत नव्हती असं नाही. त्यांनी मुद्दामच केलं असावं, असं आपलं आमचं मत.

हे ‘एफ’ कडं पायोनियर-११ यानाला १९७९ मध्ये दिसलं. पुढच्या वर्षी व्हॉयेजर-१ नं जवळून फोटो पाठवले आणि शास्त्रज्ञांची बोलती बंद झाली. कड्याचे पदर एकमेकांत गुंतलेले, जणू कुणी वेणी घातलेली. गुरुत्वाकर्षणाच्या नियमांनी चालणारं कडं असं पिळलं जातं कसं? आज बोट दाखवलं जातं ते मुख्यतः प्रॉमिथियसकडे. त्याची कक्षा किंचित लांबट आहे. दर पावणेपंधरा तासांच्या फेरीत तो एकदा कड्याच्या अगदी जवळ जातो, त्यातला माल धाग्यासारखा ओढून काढतो आणि मागे काळा चर ठेवून निघून जातो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच, थोडं पुढं. कॅसिनीनं हे सगळं फोटोंत धरून ठेवलंय. आणि गंमत अशी की पुराणातला प्रॉमिथियस म्हणजे देवांची आग चोरणारा. या चंद्राला ते नाव १९८५ मध्ये मिळालं, आणि ही ओढून नेण्याची सवय नीट दिसली ती २००४ नंतर. नाव आधी पडलं, गुण नंतर उघडे झाले. बारशाला आत्याबाईंना काय माहीत असतं, कुणास ठाऊक!

आणि ते दोघे, जेनस आणि एपिमिथियस. डिसेंबर १९६६ मध्ये कडी पृथ्वीवरून अगदी काठावरून दिसत होती, झगमगाट नव्हता, म्हणून शेजारचे चंद्र दिसायची संधी होती. १५ तारखेला फ्रान्सच्या ओदुआँ दोल्फ्यूस यांनी एक पाहिला, १८ तारखेला अमेरिकेच्या रिचर्ड वॉकर यांनी पाहिला. लोकांनी दोन्ही वेध एकाच चंद्राचे धरले आणि हिशेब जुळेना. कसा जुळेल! एकाच कक्षेत दोन बिऱ्हाडं असतील असं कुणाच्या मनातही आलं नाही. १९७८ मध्ये स्टीफन लार्सन आणि जॉन फाउंटन यांनी सांगितलं, अहो, हे दोघं आहेत. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ नं त्यावर शिक्कामोर्तब केलं. बारा वर्षं गावभर एकाचंच नाव चर्चेत आणि निघाले दोन, असं प्रकरण.

दोघांच्या कक्षांत अंतर आहे सुमारे ५० किलोमीटरचं, आणि अंगानं जेनस १७९ किलोमीटरचा, एपिमिथियस ११६ चा. शेजारून जायला जागा नाही. आतला थोडा जोरात पळतो, बाहेरच्याला मागून गाठत येतो, आणि आपण डोळे मिटून घेतो: आता आदळणार! पण होतं काय, बाहेरचा आतल्याला पुढे खेचतो. पुढे खेचल्यानं आतल्याला ताकद मिळते, तो वरच्या कक्षेत जातो, आणि वरची कक्षा म्हणजे वेग कमी. बाहेरचा मागे खेचला जातो, खाली उतरतो आणि खाली आल्यामुळे जोरात पळायला लागतो. हजारो किलोमीटरचं अंतर राखूनच दोघं जागा बदलतात आणि पुन्हा लांब होतात. २००६, २०१०, २०१४; चार वर्षांचा करार, मोडणं नाही. जेनसचं वजन जवळपास चौपट, त्यामुळे या देवघेवीत तो वीस-एक किलोमीटर सरकतो आणि एपिमिथियसला ऐंशी-एक किलोमीटर सरकावं लागतं. जड पारड्याला कमी हलावं लागतं, हा नियम सगळीकडे सारखाच.

बाकीच्यांची नुसती हजेरी घेऊ. मेथोनी: जेमतेम तीन किलोमीटरची, मे २०१२ च्या फोटोत अंड्यासारखी गुळगुळीत, चेहऱ्यावर एक खड्डा नाही. सगळ्या चंद्रांची तोंडं खड्ड्यांनी भरलेली, हिनंच काय लावलंय? एजिऑन: अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा, ‘जी’ कड्यात दडून बसलेला. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे चंद्र एकदम मान्य झाले आणि आकडा २७४ वर गेला. त्या मोजदादीचं वेगळंच खूळ चाललंय. पण ते नवे दूरवर भटकणारे, वाट चुकून आलेले. त्यांच्या गोष्टीला रंग नाही. रंग आहे तो घरातल्यांच्या गोष्टीला.

आता जेनसबद्दल एक शेवटचं, आणि हे जरा झोंबणारं आहे. ‘ए’ कड्याचा बाहेरचा काठ इतका रेखीव आहे की तो कुणीतरी धरून ठेवला असणार हे उघड होतं. कडं मुळात पसरत जाणारी वस्तू. कण एकमेकांवर आपटत राहणार आणि पसरणार. तिथे कड्यातल्या कणाच्या सात फेऱ्यांत जेनसच्या बरोबर सहा होतात, म्हणून श्रेय जेनसला मिळालं आणि तीसेक वर्षं तो एकटाच मिरवत होता. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या रदवान ताजेद्दीन आणि सहकाऱ्यांनी हिशेब तपासला. निघालं असं की एकट्या जेनसच्या बळावर कडं थांबणं शक्यच नव्हतं. पॅन, ॲटलस, प्रॉमिथियस, पॅन्डोरा, एपिमिथियस, मिमास, सगळे आपापल्या परीनं कड्यात लाटा उठवतात. प्रत्येक लाट पसरण्याचा जोर थोडा थोडा काढून घेते, आणि काठापर्यंत येईतो तो इतका कमी होतो की जेनस शेवटचा हात लावू शकतो. ज्यांना आपण इतका वेळ नावं ठेवली, तो अधाशी, तो चोर, ती दिराशेजारची, तो करारावर जगणारा, त्या सगळ्यांच्या ढवळाढवळीवर हे कडं उभं आहे.

आणि ढकलणाराही सुटत नाही. कड्यातून काढून घेतलेला जोर जातो कुठे? चंद्रांच्याच अंगात. म्हणून कड्याबाहेरचे हे चंद्र शनीपासून हळूहळू दूर सरकतायत. त्यातले काही तर या कड्यातूनच जन्मले असावेत, असंही एक मत आहे. म्हणजे पोरं आईला सांभाळतात, आईच्या ताटातलं ओढतात आणि आईच्याच धक्क्यानं घराबाहेर पडतात. आईचं वय विचारू नका. कुणी दहा कोटी वर्षांच्या आतलं सांगतं, कुणी साडेचारशे कोटी, आणि दोन्ही पक्षांकडे कागदपत्रं आहेत.

कुंपणानंच शेत खायचं आणि त्याच कुंपणामुळे शेत टिकायचं, ही शनीच्या घरची रीत. एखादा सज्जन चंद्र कोपऱ्यात हात जोडून बसला असता तर कडं केव्हाच पसरून गेलं असतं. याला संस्कार म्हणायचं की भांडणं, ते तुमचं तुम्ही ठरवा. जेनसला विचारू नका म्हणजे झालं. तो अजूनही सगळं श्रेय स्वतःच घेईल.